खांडसहून भीमाशंकर एका दिवसात: ११ जण, एक बाबा आणि शेवटची एसटी

चहा_कटिंग | ५ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

दिवाळीचा फराळ अंगावर यायला लागलाय. त्यावर उतारा म्हणून ऑफिसातल्या टोळक्याने खांडसहून भीमाशंकर चढून जायचं ठरवलंय. २० नोव्हेंबरला मतदानाची सुट्टी आहे. सकाळी सातला मत टाकायचं, मिळेल त्या कर्जत लोकलने नेरळ, तिथून टमटमने खांडस, शिडी घाटाने वर, दर्शन, गणेश घाटाने खाली आणि रात्री जेवायला ठाण्यात घरी.

आम्ही ११ जण. चौघांनी राजमाची, कळसूबाई वगैरे केलेलं आहे. उरलेले सात जण लिफ्ट बंद असली की 'वर्क फ्रॉम होम' मागणारे. आणि माझे बाबा. वय ६४, रोज पाच किलोमीटर चालतात. बाकीची ज्योतिर्लिंगं पाहून झाली, हे घराजवळचंच राहिलंय, म्हणून हट्ट धरून बसलेत.

प्रश्न:
- एका दिवसात वर-खाली होईल ना?
- एकूण किलोमीटर किती?
- शिडी घाट खरंच तेवढा भीतिदायक आहे की लोक उगाच फुगवून सांगतात?
- वाटेत पाणी मिळतं का?

---

घाटकर | ५ नोव्हेंबर, रात्री ११.२५

होणार नाही.

आता कारण. सातला मत टाकलंत तरी (रांग नसते असं धरून चालू) नेरळला उतरेपर्यंत साडेनऊ. अकरा जण एका टमटमध्ये मावत नाहीत, म्हणजे दोन टमटम, घासाघीस, कशेळ्याला वडापाव. खांडसला पावणेअकरा. शिडी घाटाने सराव नसलेल्यांना पाच तास. पावणेचारला माथ्यावर. दर्शनाची रांग, खाणं, फोटो यात साडेपाच. सूर्यास्त सहाच्या सुमारास. म्हणजे गणेश घाटाच्या जंगलात तुम्ही बरोबर अंधार पडताना शिरणार, आणि उतरायला चार तास.

किलोमीटर विचारूच नका. किलोमीटर सपाटीवरचे. इथे तळापासून माथ्यापर्यंत सात-आठशे मीटरची चढाई आहे, तास विचारा. आणि चढायचे तास विचारण्याआधी परत येण्याचे विचारा.

---

रानभूल | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

घाटकरांना +१. शिवाय २० तारखेला एसटीच्या पुष्कळ गाड्या निवडणुकीच्या कामावर असतील. मतपेट्या (आता यंत्रं) आणि कर्मचारी पोचवायला त्याच लागतात. वरून परतायला एसटी हा तुमचा पर्यायी मार्ग असेल तर तो त्या दिवशी लंगडा. तारीख बदला. मत मात्र टाका.

---

खडकावरचा_सरडा | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

शिडी घाट फुगवून सांगतात हेही खरं आणि नाही हेही खरं. शिड्या तीन, लोखंडी. शिड्यांची भीती वाटत नाही, कारण हाताला धरायला काहीतरी असतं. खरी मजा शिड्यांच्या मधल्या कातळावर. पाऊल मावेल एवढी जागा, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काही नाही. कोरड्या दिवशी, रिकाम्या वाटेवर, डोकं शांत असलेल्या माणसाला ते दहा मिनिटांचं काम. पण ज्याला उंचीची भीती आहे तो नेमका तिथेच थिजतो. पुढे जात नाही, मागे येत नाही, आणि मागचे सगळे दरीवर लटकून "अरे टाक पाय, काय होत नाही" म्हणत राहतात. त्याला ते ऐकूही येत नसतं.

हिशेब करा. एका माणसाला एका शिडीवर तीन मिनिटं. अकरा जण म्हणजे अर्धा तास. तीन शिड्या, दीड तास. त्यात पुढे एखादा चाळीस जणांचा कमर्शियल ग्रूप असला तर तुमचा ट्रेक म्हणजे रेशनची रांग.

---

सुगरण_मावशी | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.१२

अहो, तुम्ही सगळे घाबरवून सोडता. आमचे सासरे श्रावणी सोमवारी चपला घालून याच वाटेने जात. खालच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन चढतात. कसले गिअर नि कसलं काय.

---

घाटकर | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

मावशी, सासरेबुवांना साष्टांग. पण त्यांना ती वाट अंगणासारखी. आणि ते सकाळी साडेदहाला निघत नव्हते, पहाटे चारला निघत होते. चपलांचं कौतुक सगळे सांगतात, चारचं कुणी सांगत नाही.

---

कशेळ्याचा | ६ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मी तिथलाच. थोडं नीट सांगतो, कारण दर रविवारी मुंबईची पोरं 'भीमाशंकर कुठून' विचारत उभी असतात.

खांडस गावाच्या पुढे रस्त्याला पूल लागतो. त्याच्याजवळून डावीकडे जाणारी वाट शिडी घाटाची. उजवीकडे सरळ रस्ता धरला की गणपतीचं देऊळ येतं, तिथून गणेश घाट. या दोहोंच्या मधे जो सुळका-डोंगर दिसतो तो पदरगड. गणेश घाटाने जाताना तो डाव्या हाताला राहतो. आज ना उद्या तुमच्यातला एखादा 'जाता जाता पदरगड पण करू' म्हणेल. त्याला गप्प बसवा. तिथे चिमणीतून, म्हणजे दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून चढावं लागतं, दोर लागतो, तो वेगळ्या दिवसाचा उद्योग.

गणेश घाट लांब पण सरळमार्गी. देवळापासून खिंडीपर्यंत दम काढतो, मग वाट बरीचशी आडवी जाते. दोन्ही घाट वर पदरवाडीच्या सपाटीवर एक होतात. पदर म्हणजे कड्याच्या मधली सपाट पट्टी. कोकणातून एक टप्पा चढायचा, पदरावर टेकायचं, मग दुसरा टप्पा चढून घाटमाथा. तिथे विहीर आहे, सुट्टीच्या दिवशी झोपडीत चहा, लिंबू सरबत मिळतं. चहा झाला की लोकांना वाटतं पोचलो. पोचलेले नसतात. पुढचा टप्पा दाट रानातून खडा आहे, दीड-दोन तास घेतो, आणि सगळे तिथेच ढेपाळतात.

चुकतात कुठे? पदरावर. पावसानंतर गवत कमरेएवढं असतं, त्यात ढोरवाटा फुटतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. दगडावर बाण रंगवलेत, पण बाण बघायला मान वर लागते, मोबाइलमध्ये नाही. पहिल्यांदा येताय, सात नवखे आहेत, तर वाडीतला वाटाड्या घ्या. त्याचा दिवस भरतो, तुमचा दिवस वाचतो.

आणि रात्री खांडसमध्ये मुक्काम केलात तर आधी फोन केल्यावर घरगुती जेवण-झोपण्याची सोय होते.

---

चहा_कटिंग | ६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

बाप रे. आमचा प्लॅन म्हणजे विनोदच होता तर.

बरं, तारीख बदलली. शनिवार ३० नोव्हेंबरला रात्री खांडसला मुक्काम, रविवारी १ डिसेंबरला पहाटे निघायचं. शिडी घाट रद्द, गणेश घाटानेच वर, त्यानेच खाली. आता तरी जमेल?

---

रानभूल | ७ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

जमेल, पण काठावर. १ डिसेंबरला कार्तिकी अमावास्या आहे. 'चांदण्यात उतरू' हा पर्याय नाही. शिवाय देवस्थानाला रविवार आणि अमावास्या एकत्र म्हणजे गर्दी.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ही वाट कड्याच्या पश्चिम अंगाला आहे. सकाळी अख्खा चढ डोंगराच्या सावलीत असतो, ऊन अंगावर यायला बराच वेळ लागतो. पहाटे निघणाऱ्याला हे बक्षीस आहे. दुपारी दोनला उतरायला लागणाऱ्याला तेच ऊन थेट तोंडावर, आणि तोवर पाणी संपलेलं. गुडघे उतरताना जातात, चढताना नाही. बाबांना चढताना त्रास झाला तर ते थांबतील. उतरताना झाला तर थांबूनही उपयोग नाही, खाली यावंच लागेल.

---

निवांत_माणूस | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

मला कळत नाहीये की उतरायचंच कशाला? गाडी खाली लावलेली नाही ना तुमची? लोकलने येताय. मग वर गेलात की एसटीने पुण्याला जा. भीमाशंकर, घोडेगाव, मंचर, पुणे. शिवाजीनगरच्या गाड्या मेट्रोच्या कामापासून वाकडेवाडीला लागतात हे लक्षात ठेवा. पुण्याहून ठाण्याला रात्री गाड्यांना तोटा नाही. कल्याणला जायचं असेल तर मंचरहून आळेफाटा गाठून माळशेजमार्गेही सुटता येतं.

गाडी खांडसला लावणाऱ्यांची गोची वेगळी. माथ्यावरच्या नागफणीच्या टोकावर उभं राहिलं की कोकण पायाशी पसरलेलं दिसतं, वाटतं हात घातला तर गाडीला लागेल. रस्त्याने तीच गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास.

---

मनवा_क | ७ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

निवांत_माणूस यांचंच पुढे नेते. बाबांना चढवायचंच कशाला? त्यांना दर्शन हवंय ना, ट्रेक तुम्हाला हवाय. पुण्यात कुणी नातेवाईक आहेत का? बाबांना आदल्या दिवशी पुण्याला पाठवा, सकाळच्या एसटीने ते वर येतील, तुम्ही खालून वर या. देवळापाशी भेटा, येताना सगळे एकाच गाडीने. (माझ्या आईला आम्ही हरिश्चंद्रगडाच्या वेळी पाचनईत शेतकऱ्याच्या अंगणात बसवून ठेवलं होतं. तिने तिथे पापडखार घालून कुरडयांचा चीक शिजवायला शिकून घेतला. आम्ही वर काय पाहिलं हे तिने आजतागायत विचारलेलं नाही.)

---

चहा_कटिंग | ७ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मनवाताई, आत्या आहे कोथरूडला! बाबांना विचारतो. रागावतील असं वाटतंय.

---

चहा_कटिंग | ७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

रागावले नाहीत. "तू म्हणत होतास म्हणून चढणार होतो" म्हणाले. मी म्हणालोच नव्हतो.

आता सामानाचं सांगा. आणि बूट. माझ्याकडे चांगले बूट आहेत, चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदाच वापरलेत.

---

खडकावरचा_सरडा | ७ नोव्हेंबर, रात्री ९.४०

ते बूट आजच घालून आठ दिवस बाजारहाट करा. कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा सोल वरून नवा दिसतो, आतला थर आणि गोंद मेलेला असतो. डोंगरात दोन तास चालले की टाचेपासून जबडा उघडतो. दर ट्रेकला एकाचा तरी उघडतो. नवे घ्यायचे तर हजारोंचे नकोत, आपल्याकडे निम्मा सह्याद्री ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर चढलेला आहे. कातळाला चिकटतात, एवढंच बघायचं.

पाणी माणशी तीन लिटर. विहीर आहे, झोपडीत सरबत आहे, तरीही तीन. खायला घरचं: भाकरी-ठेचा, मेथीचे ठेपले, गूळ-शेंगदाणे, खजूर. चिप्स नको, तहान वाढते आणि पिशव्या रानात उडतात. टॉर्च प्रत्येकाकडे वेगळा. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे, त्याच बॅटरीवर तुम्ही फोन करणार आहात. सुती जीन्स नको. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट, कारण वाळलेल्या कारवीच्या काड्या आणि गवताची कुसळं पोटऱ्या सोलतात.

आणि सोबत दोन हात सुतळी. का ते विचारू नका.

---

वैद्यबुवा_नाही | ८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

थोडी भर. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, रानात धूर करू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, उठली तर पळायला वाट नसते. कपारीत, दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. हिरवा चापडा हा विषारी साप या भागात आहे, फांदीवर पानासारखा पडून असतो. तो अंगावर येत नाही, आपणच त्याला धरतो. रानात बराच भाग रेंज नाही, म्हणून घरी एका माणसाला लिहून ठेवा: कोणत्या वाटेने, किती जण, किती वाजेपर्यंत फोन यायला हवा. अडचण आली तर ११२ आहेच, आणि गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन निघण्यापूर्वी शोधून फोनमध्ये साठवा. गंमत म्हणून फिरवायला नाही, गरज पडल्यास.

---

ओलीसुकी | ८ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

धागा छान चाललाय, मधेच विचारते. हेच आम्ही जुलैत केलं तर? रात्री चमकणारी बुरशी बघायची आहे. मुलगी आठ वर्षांची आहे.

---

रानभूल | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२५

बुरशी खरी आहे, भर पावसात कुजलेल्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. पण ती बघायला खांडसहून चढायची काहीच गरज नाही, आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तर नाहीच. पुण्याकडून गाडीने या, मुक्काम करा, वन विभागाला विचारून, वाटाड्या घेऊन जा. १९८५ पासून हे अभयारण्य आहे. पावसाळ्यात काही धबधबे आणि वाटा बंद करतात, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेशही निघतात. निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा, गेल्या वर्षीचं ऐकून जाऊ नका. आणि बुरशीचं लाकूड घरी आणू नका, घरी ते चमकत नाही. (माझ्या मित्राने आणलं होतं. बायकोने चुलाणात घातलं.)

---

घाटकर | ८ नोव्हेंबर, रात्री १०.००

आता चहाशेठ, माझी एकच अट, आणि ती ट्रेकच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर जोरात बोलून दाखवा. पदरवाडीला साडेअकरा वाजले आणि तुम्ही पोचलेले नसलात, तर जिथे असाल तिथून मागे. कोण किती थकलाय, माथा किती जवळ दिसतोय, बाबा वर वाट बघतायत, काही ऐकायचं नाही. ही वेळ खाली गावात ठरवावी लागते. वर ठरवायला गेलात की मतदान घ्याल, आणि मतदानात नेहमी 'अजून थोडं' निवडून येतं.

१९९८ साली डिसेंबरातच आम्ही सहा जण याच गणेश घाटात रात्रभर बसून होतो. वाट चुकलो नव्हतो. अंधारात एकाचा घोटा मुरगळला, टॉर्च एक, त्याचे सेल गेले. खाली खांडसचे दिवे दिसत होते, कुत्री भुंकलेली ऐकू येत होती. सकाळी उजेडात पाहिलं तर आम्ही गणपतीच्या देवळापासून वीस मिनिटांवर होतो.

---

चहा_कटिंग | ३ डिसेंबर, रात्री ११.५०

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

अकराचे सात झाले. दोघांना 'अचानक' लग्न निघालं, दोघांनी शनिवारी सकाळी फोनच उचलला नाही. शिडी घाटाचा आग्रह धरणारा त्यातलाच एक.

रात्री खांडसला तांदळाची भाकरी आणि सुक्या वालाचं कालवण. घाटकरांची साडेअकराची अट मी जोरात वाचून दाखवली, सगळे हसले. पहाटे साडेपाचला वाटाड्या दारात हजर, आम्ही बुटाच्या नाड्या बांधतोय. गणपतीच्या देवळापर्यंत रस्त्याने टॉर्चच्या उजेडात. तिथे झुंजुमुंजू झालं. खिंडीपर्यंत खरंच जीव गेला, पण सावली होती, रानभूल म्हणतात तशी. वर कड्याच्या कडेला ऊन पडलेलं दिसायचं आणि आम्ही गारव्यात. पदरगड डाव्या हाताला, त्याचं टोक तेवढं सोनेरी.

पदरवाडीत सव्वादहाला. ढोरवाटेला लागायचा मोह मला दोनदा झाला, वाटाड्याने दोन्हीदा नुसती मान हलवली. सरबत, ठेपले, अर्धा तास आराम. मग तो शेवटचा चढ. कशेळ्याचा, तुम्ही सांगितलं होतंत तरी आम्हाला वाटलं होतंच की पोचलो.

त्या चढात माझा उजवा बूट उघडला. हो, तेच बूट. आठ दिवस बाजारहाट करायचं राहिलं. टाचेपासून निम्मा सोल लोंबायला लागला, आणि सुतळी आणायला मीच विसरलो होतो. वाटाड्याने कमरेची कोयता अडकवायची दोरी सोडून दिली. तीन वेढे, वर गाठ. कातळावर तो पाय डावीकडे घसरायचा, म्हणून मी शेवटचा तास वेताळासारखा तिरका चढलो.

एक वाजून गेल्यावर माथ्यावर. बाबा आणि आत्या साडेदहालाच पोचले होते. रांगेत उभं राहून दर्शन झालेलं, प्रसादाचा पेढा खिशात, आणि शनीच्या देवळापुढच्या मोठ्या घंटेखाली उभे राहून ते एका अनोळखी कुटुंबाला माहिती देत होते की ही वसईची, १७३९ च्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली म्हणतात. आम्हाला बघून आधी माझ्या बुटाकडे बघितलं. काही बोलले नाहीत. आत्या बोलली.

आमची दर्शनाची रांग पावणेदोन तास. एसटीत बसायला जागा मिळाली, सातही जण घोडेगाव यायच्या आत झोपले. ठाण्यात रात्री पावणेएक.

एक सल राहिली. दिवसभर माना वर करून शेकरू शोधत होतो. घरटी पाच-सहा दिसली, काटक्यांचे मोठाले गोळे, शेकरू एकही नाही. एसटीत बाबा म्हणाले, "सकाळी टपरीवर चहा पीत होतो तेव्हा एक मोठी खार दिसली रे. तपकिरी, शेपूट हे एवढं. बराच वेळ बसली होती."

---

घाटकर | ४ डिसेंबर, सकाळी ६.३०

कुठली टपरी?

---

सुगरण_मावशी | ४ डिसेंबर, सकाळी ९.००

वालाच्या कालवणात काय घातलं होतं ते विचारलंत का? आमच्याकडे आमसूल घालतात.

---

चहा_कटिंग | ४ डिसेंबर, सकाळी ९.२०

घाटकर, स्टँडवरून देवळाच्या पायऱ्यांकडे जाताना, बाबांना नाव आठवत नाही. मावशी, आंबट होतं खरं, विचारून सांगतो. वाटाड्याची दोरी परत द्यायचीच आहे.